काकूंच्या खोलीतलं माझं राज्य

आधी काकूंचं सांगतो. काय झालं आणि कसं झालं ते मागून येईलच. पण आज मी बनारसमध्ये दोन पायांवर उभा आहे, फोन वाजला तर उचलतो, अन्न गोड लागतं, हे ज्या बाईमुळे झालं तिचं ऋण पहिल्यांदा बोलून टाकलं पाहिजे. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मी ज्या घरात भाड्यानं राहतो त्या घराच्या या मालकीणबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा बंगळूरला. जन्म इथलाच, मराठी घरातला. पण त्यांचं मराठी असं की आपल्याकडचा माणूस ऐकून आधी हसेल आणि मग दोनदा विचारेल, काय म्हणालात? "अरे बेटा, पहिले चाय घे, मग परेशान हो." परेशान होऊ नको असं त्या कधीच म्हणत नाहीत. चहा घेऊन हो, म्हणतात.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. का सुटली यात सांगण्यासारखं काही नाही, घरात मोठा मीच होतो. मग तालुक्याच्या गावी एका नेट कॅफेत झाडलोट आणि राखण केली, पुढं एका यात्रा कंपनीच्या बसबरोबर वाढपी म्हणून हिंडलो. ती बस काशीला आली तेव्हा आमचा मुक्काम एका गुरुजींच्या यात्री निवासात होता. गुरुजी इथल्या जुन्या मराठी भिक्षुक घराण्यातले. आपल्याकडून येणाऱ्या लोकांची राहण्याची, जेवणाची, पिंडदानाची सगळी सोय त्यांच्याकडे. त्यांना भरवशाचा माणूस पाहिजे होता. म्हणाले, "राहतोस का?" मी हो म्हणालो. मी सगळ्यांना हो म्हणायचो. तेवढ्या एका गुणावर माझं चाललं होतं.

काम काय, तर पार्टी सांभाळायची. यात्रेकरूंच्या गटाला आम्ही पार्टी म्हणतो. लातूरची पार्टी, नगरची पार्टी, जळगावची पार्टी. स्टेशनवरून आणायची, खोल्या द्यायच्या, सकाळी घाटावर न्यायची, विधी झाले की दर्शनाच्या रांगेत लावायची, हरवलेली माणसं शोधायची आणि परत गाडीत बसवायची. पूर्वी एका वेळेला एखादीच पार्टी असायची. मग या शहराला जी गर्दी लोटायला लागली ती आजवर कमी झालेली नाही. दोन फोन झाले. दोन्ही एकदम वाजायचे.

"हॅलो, आम्ही गेटापाशी आलोत."

"कुठल्या गेटापाशी, मावशी?"

"मोठ्या."

"मोठी बरीच आहेत. समोर काय दिसतंय?"

"माणसं."

हसू यायचं सुरुवातीला. पुढं पुढं हसू यायचं बंद झालं.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. आपल्या माणसांना दशाश्वमेध हे नाव लक्षात राहत नाही. जीभ वळत नाही. शेजारीच अहिल्याबाई घाट आहे. ते नाव ऐकलं की म्हाताऱ्या माणसाचा चेहरा खुलतो, आपल्याच कुणाच्या तरी दारात आल्यासारखा. म्हणून तुम्ही कितीही वेळा 'दशाश्वमेधला उभे राहा' सांगा, चुकलेलं माणूस हमखास अहिल्याबाई घाटावर जाऊन बसतं. आणि एकदा बसलं की उठत नाही. नावावर भरवसा टाकून बसलेलं असतं ते. हे मला ठाऊक होतं, माझ्या कामातली ती पहिली शिकवण. तरी त्या दिवशी ते मला आठवलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होती, आपल्याकडच्या शाळा बंद. तीन पार्ट्या एकाच सकाळी. एक स्टेशनवर उतरत होती, एक रांगेत होती, तिसरी घाटावर माझी वाट बघत होती. मी दशाश्वमेधच्या पायऱ्यांवर त्या तिसरीला शोधत होतो. ऊन डोक्यावर चढत होतं. फोन वाजला. खिशातून काढला, नाव वाचलं आणि अंगठा पुढं सरकेना. असं नाही की उचलायचं नव्हतं. अंगठाच चालेना. दुसरा वाजला. मी खाली बसलो. छातीत कुणीतरी दळण दळतंय असं वाटत होतं आणि कानांत पाण्यात बुडाल्यावर येतो तसा आवाज. एका नावाड्यानं माझ्या डोक्यावर बाटली ओतली, "का भइया, लू लग गई का?" म्हणाला. मी त्याला सांगू शकलो नाही की ऊन लागलेलं नाही. मला स्वतःलाही ते कळत नव्हतं.

ती पार्टी अर्थात अहिल्याबाई घाटावर होती. उन्हात बसून राहिली. त्यातल्या एका आजींना भोवळ आली. गुरुजी स्वतः अनवाणी धावत गेले आणि सगळ्यांना घेऊन आले. आजी लिंबूपाणी पिऊन सावरल्या. जाताना मलाच म्हणाल्या, "लेकरा, तुझंच तोंड पार सुकलंय की रं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुजीही ओरडले नाहीत. संध्याकाळी मला समोर बसवलं. "हे बघ, आषाढ-श्रावणात आपल्याकडची माणसं कमी असतात. तेवढे दिवस मी सांभाळतो. तू पड. पण पितृपक्षाला मला माणूस लागतो. तोवर उभा राहिलास तर जागा तुझी. नाही राहिलास, तर मला दुसरा बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेण्याचा प्रश्न नव्हता, भीतीच इतकी वाटत होती. जागा गेली तर परत जायचं, आणि परत जायचं म्हणजे कुठं? गावाकडं माझ्या नावामागं एकच पदवी आहे, 'तो काशीला असतो.' नववीत शाळा सुटलेल्या माणसाला दुसरी पदवी कोण देणार? आई शेजारणींना सांगते, माझा मुलगा लोकांच्या वाडवडलांना पाणी मिळवून देतो. ते ऐकून मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

मी पडलो. नुसता पडून राहिलो. फोन बंद केला तरी खिशात थरथरल्यासारखं व्हायचं. खिसा रिकामा असायचा, तरी मांडीला थरथर जाणवायची. खालून काकूंच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी उठून बसायचो. काकू वर डबा पाठवायच्या, तो तसाच परत जायचा. एक दिवस त्या स्वतः जिना चढून आल्या, गुडघे धरून.

"हे काय चाललंय? माझी भाजी इतकी खराब असते?"

"नाही काकू."

"मग आजारी आहेस. चल."

त्यांनी ओढतच एका डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरांनी तपासलं, झोपेसाठी थोड्या गोळ्या दिल्या आणि हिंदीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा की शरीराला काही झालेलं नाही, माणूस पार संपेपर्यंत वापरला गेला आहे. मग त्यांनी विचारलं, "आपको अच्छा क्या लगता है? करने में?" मी हातातल्या गोळ्यांच्या पुडीची घडी घालत बसलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. परत येताना सायकल रिक्षात बसून त्यांनी तोच प्रश्न मराठीत विचारला, म्हणजे त्यांच्या मराठीत. "सच सांग, तुला अच्छं काय वाटतं? कधीतरी काही तर वाटलं असेल ना?"

मला त्या नेट कॅफेतला खेळ आठवला. कोपऱ्यातल्या एका मशीनवर तो होता. गिऱ्हाईक नसलं की मी खेळायचो. नदीकाठी एक लहान गाव तुमच्या हातात देतात. तुम्ही शेतं धरायची, कोठार बांधायचं, तट बांधायचा, रस्ता काढायचा, शेजारच्या राजांशी तह करायचा नाहीतर लढायचं. शाळेत इंग्रजीचा शिक्षक मला मारून थकला, पण कोठाराला, तटाला, तहाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या खेळानं शिकवलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रिक्षात काकूंना सांगितलं. सांगताना तोंड लाल झालं असणार, तिशी ओलांडलेला माणूस मी.

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मुन्नाचा कंप्यूटर पडलाय. बेकारच धूळ खातोय."

मुन्ना म्हणजे बंगळूरचा मुलगा. त्याचा जुना संगणक काकूंच्या बाहेरच्या खोलीत, साडीच्या तुकड्याचं झाकण घालून ठेवलेला. तो खेळ इंटरनेटवरून उतरवून घेताना इतका वेळ गेला की काकूंनी मधेच जाऊन भाजी आणली, निवडली आणि फोडणीला टाकली. मग पडद्यावर ती नदी आली. नदीकाठी माझं गाव. चार झोपड्या, एक बैल, धुक्यात बुडालेला बाकीचा मुलूख.

त्या खेळाची एक रीत आहे, ती माहीत नसेल तर माझं पुढचं बोलणं कळणार नाही. तो पाळीपाळीनं चालतो. तुम्ही तुमची कामं सांगायची आणि मग कीबोर्डवरचं लांब बटण अंगठ्यानं दाबायचं, मग शेजाऱ्यांची पाळी. ते बटण तुम्ही दाबत नाही तोवर काहीही होत नाही. पीक वाळत नाही, शत्रू पुढं येत नाही, म्हातारं कुणी उन्हात ताटकळत नाही. सगळं आहे तिथं उभं.

पहिल्या दिवशी मी बटण दाबलंच नाही. बाहेर पाऊस होता, गल्लीतून पाणी वाहत होतं आणि मी त्या चार झोपड्यांकडे बघत बसलो. काकू चहा घेऊन आल्या, बऱ्याच वेळानं पुन्हा आल्या.

"हा खेळ आहे की फोटो? काही हलतच नाहीये."

"मी सांगितल्याशिवाय हलत नाही काकू."

"अच्छा?" त्या चष्मा लावून वाकल्या. "असा नवरा मिळाला असता तर!"

मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते मला कळलं नाही, काकूंना कळलं असावं, कारण त्या आत गेल्या आणि कुरडई तळून आणली.

इथं मला खरं सांगायचं तर थांबून असं म्हणावंसं वाटतं की मग मी बरा झालो. तसं झालं नाही. आठवडाभर बरं वाटलं, मग त्या खेळातही तेच सुरू झालं. माझं राज्य वाढायला लागलं. डोंगरापलीकडचं एक गाव मिळत होतं, घेतलं. समुद्रकाठचं घेतलं. शेजारचा राजा म्हणाला, धान्य द्या, दिलं. दुसरा म्हणाला, सैन्य पाठवा, पाठवलं. प्रत्येक पाळीला हे गाव उपाशी, ते गाव नाराज, तिसरीकडे तट पडलेला. लाल खुणा लुकलुकायच्या आणि माझ्या छातीतलं दळण पुन्हा सुरू व्हायचं. बटण दाबायला अंगठा पुढं जाईना. तोच अंगठा. खेळात! मी पडदा बंद केला आणि जिना चढून वर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. खेळसुद्धा जमत नाही, तर पितृपक्षात काय होणार? आता आषाढही सरला होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी खालूनच हाक मारली. "अरे ओ महाराज! तुमची प्रजा खाली वाट बघते!"

गेलो. त्यांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवून ठेवली होती, मांडीवर शेंगांचं सूप. "मला दाखव. काय काय आहे?"

मी एकेक गाव दाखवत गेलो. त्या शेंगा सोलत विचारत गेल्या.

"हे कशाला घेतलंस?"

"मिळत होतं."

"आणि हे?"

"ते पण मिळत होतं."

"आणि ह्याला धान्य का देतोस? हा तर तुझाच दुश्मन दिसतो."

"त्यानं मागितलं."

काकूंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "माझ्या शाळेत एक मुलगी होती. सगळ्यांची गणितं सोडवून द्यायची. आपलं पेपर अर्धं रहायचं तिचं." मग म्हणाल्या, "नाही म्हणायचं बटण नाही का ह्यात?"

होतं. पहिल्यापासून होतं. मी ते कधी दाबलं नव्हतं. त्या दिवशी त्या राजानं पुन्हा धान्य मागितलं, मी नकार दाबला. त्याचं तोंड रागीट झालं. मी घाबरून काकूंकडे पाहिलं.

"आता काय होईल?"

"मला काय माहीत? माझं राज्य आहे का?"

काही पाळ्या तो रुसून बसला. मग एक दिवस आपणहून आला, मीठ देतो, लाकूड द्या म्हणाला. काकू इतक्या खूश झाल्या की टाळी वाजवून म्हणाल्या, "बघ! आला ना नाक मुठीत धरून!" नंतर मी डोंगरापलीकडचं ते गाव सोडून दिलं. सैन्य परत बोलावलं आणि गाव सोडलं. फार जीव तुटला. तिथं मी मंदिर बांधलेलं होतं. पण उरलेल्या गावांची कोठारं भरायला लागली आणि रोज थोडा वेळ असा जाऊ लागला की छातीत काही दळलं जात नव्हतं. डबा रिकामा जाऊ लागला.

श्रावण संपता संपता गुरुजी माझी विचारपूस करायला आले, नेमके मी खेळत असताना. दारातच थांबले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"याच्यासाठी सुट्टी दिली होती?"

मी उठून उभा राहिलो.

"त्याला बरं वाटतं ह्यानं," काकू म्हणाल्या.

"बरं वाटतं! आमच्याकडे दारू पिणाऱ्यालाही बरं वाटतं." गुरुजी वाईट माणूस नाहीत, हे मी पुन्हा सांगतो. त्यांना खरंच वाटलं की या पडद्यानं मला खाल्लंय. ते जवळ आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "अरे, काशीत राहतोस. काशीत आल्यावर माणूस काहीतरी सोडतो. तू इतकी वर्षं हजारो लोकांना सोडायला लावलंस, स्वतः काय सोडलंस? उद्या सकाळी घाटावर ये. माझ्या हातानं पाणी सोडायला लावतो. हा खेळ सोड. मग पितृपक्षाला ये कामावर."

आपल्याकडची ही रीत वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. काशीयात्रा केली की आवडीचा एखादा पदार्थ, एखादं फळ, एखादी भाजी जन्मभरासाठी सोडायची. हातात पाणी घेऊन, संकल्प करून. गुरुजी गेल्यावर काकू म्हणाल्या, "सोडतात तर! मी लहानपणापासून बघते. एकानं पण आंबा सोडला नाही. सगळे कद्दू सोडतात." कद्दू म्हणजे भोपळा. एरवी मी हसलो असतो. जागा एका बाजूला होती आणि खेळ दुसऱ्या बाजूला, आणि गुरुजींना नाही म्हणायचं, हे माझ्या तोंडात बसणारं वाक्यच नव्हतं. मी विचारलं, "काकू, काय करू?"

"ते मी कसं सांगू? पण एक आहे. सोडायचं ते असं, जे सुटायला जड जाईल. बाकी कद्दू."

सकाळी बालाजी घाटावर गेलो. पाणी चढलेलं होतं, खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, वरच्या पायरीवर गाळ. गुरुजी सोवळं नेसून उभे. त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं, अक्षता घातल्या आणि संकल्प म्हणायला लागले. देश, काळ, महिना, तिथी, माझं गोत्र. ते किती वेळा ऐकलं होतं मी, दुसऱ्यांसाठी. मग ते थांबले आणि म्हणाले, "बोल, काय सोडतोस."

मला वाटलं अंगठ्याचं झालं तेच आता जिभेचं होणार. मग मी बोललो. मोठ्यानं बोललो असं नाही, पण बोललो.

"गुरुजी, खेळ नाही सोडत."

"मग?"

"एका वेळेला एकापेक्षा जास्त पार्ट्यांना हो म्हणणं सोडतो."

गुरुजींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. "गंगेच्या पायरीवर उभं राहून घासाघीस? पार्टी काय मी तुला हौसेनं देतो? लोक येतात, त्यांना दारातून परत पाठवू?"

"मला दोन झेपत नाहीत, गुरुजी. झेपतात असं मी सांगत आलो. नाही झेपत."

"आणि पितृपक्षात? तेव्हा एकेक येतात का?"

आम्ही बोलत होतो तोवर ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. गुरुजींनी ते पाहिलं, "आता कशाचा संकल्प?" म्हणाले आणि पंचा झटकून पायऱ्या चढून गेले. माझ्या तळहाताला अक्षता तेवढ्या चिकटून राहिल्या.

घरी आलो. काकूंना सांगितलं. "जागा गेली काकू. माझ्याच तोंडानं घालवली."

काकूंनी सगळं ऐकलं. मला वाटलं शाबासकी देतील. नाही दिली. त्यांनी गॅस बंद केला, चपला घातल्या, छत्री घेतली.

"कुठं निघालात?"

"चाय उतरवलीये, गाळून घे," एवढं बोलून त्या गेल्या.

गुरुजींशी त्या काय बोलल्या ते मला आजपर्यंत माहीत नाही. दोघंही सांगत नाहीत. त्या परतल्या तेव्हा चहा पार गार झाला होता.

"पितृपक्षात मी येते."

"कुठं?"

"तुझ्या ऑफिसात. फोन मी घेणार. तू फक्त चालायचं."

"काकू, तुमचे गुडघे?"

"फोन गुडघ्यानं उचलतात का?"

आणि त्या आल्या. रोज सकाळी यात्री निवासाच्या दाराशी खुर्ची टाकून, दोन्ही फोन पदरात घेऊन बसायच्या. मुलींच्या शाळेत जन्म गेलेला आवाज. फोन उचलला की पहिलं वाक्य, "पहिले श्वास घ्या." पलीकडे शांतता. "घेतला? आता सांगा, समोर काय दिसतं. दुकान नको सांगू, दुकान तर सगळीकडे आहे." कुणी ओरडलं तर म्हणायच्या, "चिल्लाऊ नका. मी बहिरी नाही, म्हातारी आहे." आपल्याकडची माणसं त्या भाषेनं आधी बावचळायची, मग निमूट ऐकायची. एका पार्टीचं माझ्याकडचं काम संपेपर्यंत त्या दुसरीचं नावसुद्धा मला कळू द्यायच्या नाहीत. गुरुजींनी मदतीला एक नवीन माणूस ठेवला होता. जास्तीच्या पार्ट्या त्याच्याकडे जायच्या. हाच तो दुसरा माणूस, मला वाटायचं. पितृपक्ष झाला की हा राहणार आणि मी जाणार.

पंधरवडा अर्धा झाला असेल. मी एका पार्टीला घेऊन निघालो होतो आणि दारातच दुसरीचा पुढारी आडवा आला. धिप्पाड गृहस्थ, कपाळाला गंध. "आमचं आजच झालं पाहिजे. आत्ताच चला. आम्ही काय लांबून येऊन बसून राहायचं?" नवीन माणूस तेव्हा स्टेशनवर होता. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत गुरुजी दर्भ मोजत बसले होते, त्यांनीही मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. छातीत जातं फिरायला लागलं.

"आज नाही होणार, दादा. उद्या सकाळी पहिलं तुमचं."

"नाही म्हणजे?"

"आज घेतलं तर तुमचंही नीट होणार नाही आणि यांचंही नाही. वाडवडलांचं काम आहे, धावतपळत नको."

ते गुरुजींकडे वळले. "अहो, हा माणूस आम्हाला नाही म्हणतोय!"

गुरुजींनी हातातली जुडी मोजून संपवली. मग दर्भाकडे बघत म्हणाले, "तो सांगेल तसं. आज सारनाथ बघून या." गृहस्थ धुसफुसत गेले. सकाळी उजाडायच्या आत अंघोळी करून सगळे दारात हजर होते, आणि त्यांनी माझ्यासाठी सारनाथहून पेढे आणले होते. तसे ते बरे नव्हते, पण मी सगळे खाल्ले.

पितृपक्ष संपल्यावर गुरुजींनी मला आणि नव्या माणसाला समोर बसवलं. पार्ट्या वाटून दिल्या. माझ्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी आल्या, म्हणजे मानही कमी आणि पैसेही. पण जागा राहिली. गुरुजी जाता जाता म्हणाले, "त्या खेळात गायी असतात का रे?" मी म्हणालो, बैल असतात. ते "हं" म्हणाले. एवढंच.

मी पूर्ण बरा आहे असं लिहिलं तर खोटं होईल. अजून अनोळखी नंबर दिसला की आधी अंगठा पाहतो, मग फोन. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. काही सकाळी अजूनही वाटतं की आज नाही उठवणार. मग खाली जातो. काकूंच्या बाहेरच्या खोलीत माझं राज्य आहे, लहानच ठेवलंय. काकू आता स्वतःही खेळतात, आणि माझ्यापेक्षा वाईट खेळतात; त्यांना लढायाच फार आवडतात.

परवा त्यांनी सहज माझा फोन घेतला. साताऱ्याकडच्या बाई होत्या. काकूंच्या बोलण्यानं त्या गोंधळल्या आणि विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" काकूंनी कृष्णेकाठच्या एका गावाचं नाव घेतलं. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आमचे पूर्वज तिथले. मी तर पाहिलंच नाही. तिकडे पण घाट आहेत म्हणतात. सच आहे का रे?"

मला माहीत नव्हतं. मीही ते गाव पाहिलेलं नाही. पण आयुष्यभर लोकांना तिकडून इकडे आणणारा माणूस मी, आणि या बाईला इकडून तिकडे न्यायला अजून कुणी भेटला नाही. काकू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, आणि माझ्या चुका लाल पेननं काढणार हेही. तुमचे गुडघे तुमच्या ताब्यात आहेत तोवर मी तुम्हाला तिथं घेऊन जाणार. गाडीत खिडकीची जागा, वाटेत चहा, घाटाच्या पायरीपर्यंत हाताला धरून. त्या दिवसांत दुसरी कुठलीही पार्टी मी घेणार नाही, कितीही फोन आले तरी.